मोडकं वल्हं

शिडाच्या बोटींच्या मालकांचा तो क्लब. वार्षिक फेरीत जो सगळ्यात शेवटी धक्क्याला लागेल, त्याला संध्याकाळच्या स्नेहभोजनात मोडकं वल्हं बक्षीस द्यायची तिथली रीत. दंतवैद्याच्या दिवाणखान्यात अशी अकरा वल्ही जमली होती, आणि माईकवरून 'आमचं कासव आलं हो!' म्हणत त्याची टर उडवण्यात सेक्रेटरीची निम्मी हयात गेली होती.

यंदा मात्र दंतवैद्य इरेला पेटला. एकदाही मागे वळून न बघता त्याने बोट हाणली आणि चक्क पहिला आला. आता सेक्रेटरीचं तोंड बघण्यासारखं होणार, म्हणून तो मुद्दाम पुढच्याच खुर्चीत जाऊन बसला.

ताटं वाढली गेली, तरी माईक मुकाच. दंतवैद्याचं चित्त थाऱ्यावर राहीना. घास तसाच टाकून तो धक्क्यावर गेला आणि डोलकाठ्या मोजू लागला. पंधराच्या जागी चौदाच होत्या.

"अहो, येतील की सेक्रेटरी! आधी जेवून घ्या," असं बायको म्हणेपर्यंत त्याने बोटीचा दोर सोडलासुद्धा.

तासाभराने तो परतला, तेव्हा त्याच्या बोटीमागे फाटक्या शिडाची सेक्रेटरीची बोट बांधलेली होती. सेक्रेटरी नखशिखांत भिजला होता. धक्क्यावर पाय ठेवताच त्याने दंतवैद्याची कॉलर धरली.



"दर वर्षी माझ्या मागे असतोस. आजच का नव्हतास रे, कासवा?"