आधीच्या पायाची नोंद

तेराव्याला दानात नव्या चपला द्यायच्या असतात. मंदाकिनीने गेलेल्या नवऱ्याचे, शशिकांतचे, बूट दिले. चारच महिने वापरलेले, आत द्रवाची गादी, कुणाच्याही पायाची ठेवण नोंदवून तशी बेतून घेणारी. फक्त आधीच्या पायाची नोंद पुसावी लागते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

गुरुजींनी बूट चढवले. गादी फुगली आणि तिने शशिकांतच्या वाकड्या घोट्याचा उतार धरला. ताठ चालणारे गुरुजी जिना उतरताना डावीकडे कलले. एक पाऊल जड, दुसरं घासत.

मंदाकिनी दारातच थिजली.

आत अंध सासूबाईंच्या हातातली वाटी पडली.

"मंदा, शशीला थांबव गं," त्या म्हणाल्या. "न जेवताच निघालाय."