साड्यांचं कुंपण

गुणाबाई लेकीच्या बाळंतपणाला लातूरला गेल्या आणि म्हैस आप्पासाहेबांना कासेला हात लावू देईना. शेवटी त्यांनी बायकोची जांभळी साडी अंगाभोवती गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि धारेला बसले. म्हशीनं पदर हुंगला आणि मुकाट्यानं पान्हा सोडला. सारी गल्ली हसली. आप्पासाहेब म्हणाले, "हसा लेकहो, दूध तर निघून राहिलंय!"

तेवढ्यात गोठ्यामागच्या हरभऱ्यात रानडुकरं शिरायला लागली. उमरीचे बियाणंवाले अजीजभाई म्हणाले, "औषध-बिवषध काही नको, आप्पा. घरातल्या वापरलेल्या साड्या रानाभोवती बांधा. डुक्कर लई बिचकतं."

आप्पासाहेबांनी कपाट रिकामं केलं. गुणाबाईंच्या होत्या नव्हत्या तेवढ्या साड्या, धारेची साडीसुद्धा, न धुता तशाच खुंट्यांना बांधून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रानात पोचतात न पोचतात तोच गुणाबाईंचा फोन आला. डुकरांचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"आली का हो डुकरं?"

"एक बी न्हाई आलं."

"मंग हरभरा वाचला म्हना की!"

 

आप्पासाहेबांनी समोर पाहिलं. दावं तोडून आलेली म्हैस सगळा हरभरा फस्त करून, गुणाबाईंच्या जांभळ्या साडीला नाक लावून, निवांत पान्हा सोडत उभी होती.