पॉजवर ठेवलेला खेळ

घूंऽऽ. बाळ जेमतेम झोपलं आणि दुपारच्या शांततेत टीव्हीखालचा अडॅप्टर पुन्हा घुमायला लागला. नवऱ्याचे पाच जुने व्हिडिओगेम, प्रत्येकाचा विटेएवढा अडॅप्टर. न खेळताही लाल दिवे अहोरात्र चालू, आणि बाळाच्या वाफेच्या मशीनला एक पॉइंट रिकामा नाही! “घर माझं की तुझ्या खोक्यांचं?” यावरूनच भांडण पेटलं आणि आठवड्यापूर्वी तो त्याच्या आईकडे निघून गेला. फोनही उचलत नाही.

चिडून मी बोर्डाचं मुख्य बटणच बंद केलं. पाचही दिवे विझले. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात लेक शाळेतून आली आणि बोर्डाकडे बघून दप्तरासकट मटकन खाली बसली. “आई, काळा डबापण बंद केलास? तो बाबांनी पॉजवर ठेवला होता गं! त्यात सेव्ह होत नाही. बंद केला की सगळं पहिल्यापासून!”

“मग खेळा की पहिल्यापासून,” मी खेकसले.

“बाबा जाताना म्हणाले होते, शेवटचा किल्ला आपण दोघं मिळून जिंकू, त्यासाठी मी नक्की परत येईन.” तिने काळ्या डब्याच्या विझलेल्या दिव्यावर बोट ठेवलं. “आता ते कशासाठी येतील?”