वेगळी बादली

"हलू नका," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तिच्या मनगटावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवली. मग ती अलगद ओढून काढली, काचेच्या पट्टीवर डकवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तेवढ्यात तिची बोटं नकळत दुसऱ्या कोपराकडे वळली. शेजारी बसलेल्या नणंदेनं ती वाटेतच धरली.

"राहू द्या, वहिनी. निदान डॉक्टरांसमोर तरी."

मुलगा गेल्यापासून ही खाज तिच्या अंगाला चिकटली होती. गाल, मान, हातांची आतली बाजू. पुरळ म्हणावं तर नीट दिसत नव्हतं, भास म्हणावा तर सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके असत. मलमं झाली, गोळ्या झाल्या, साबण बदलून झाले. दुःख असंही अंगावर उमटतं, असं एका डॉक्टरांनी सांगितलं, आणि सगळ्या नातलगांनी ते सुटल्यासारखं मान्य केलं. तिनंही केलं. बेकरीच्या मालकाला ते पटवून घेणं परवडणारं नव्हतं. त्याच्याकडच्या लाकडी मेजावर तिनं अर्धं आयुष्य पीठ मळलं होतं. "हात बरे झाल्याशिवाय पिठाला शिवू नका, मावशी," असं तो जमिनीकडे बघत म्हणाला होता. आता ती मागच्या खोलीत कागदी पिशव्या चिकटवत बसे, आणि तिच्या मेजाशी उभी राहून एक नवी बाई घाईघाईनं पीठ मळत असे. हात असेच राहिले तर पिशव्याही सुटणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

डॉक्टरांनी मान वर केली. "घरात कोणी ग्लासवूलचं काम करतं? छताला, पाइपांना गुंडाळतात, ती काचेची लोकर?"

"मुलगा करायचा," ती म्हणाली.

"आता नाही करत?"

"त्याच कामावर छतावरून पडला तो," नणंदेनं उत्तर दिलं. "वर्ष होत आलं."

डॉक्टरांनी काचेची पट्टी सूक्ष्मदर्शकाखालून काढून ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे काचेचे तंतू आहेत. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीत सुईसारखे घुसतात. ह्या कामातली जाणती माणसं फार जपतात. बाहेरून आल्या आल्या घरच्यांना जवळ येऊ देत नाहीत. कपडे वेगळ्या बादलीत, स्वतःच्या हातानं धुतात."

तिला घरची मोरी आठवली.

मोरीच्या कोपऱ्यात एक निळी बादली असायची. तिला कुणी हात लावायचा नाही, अशी त्याची सक्त ताकीद. संध्याकाळी तो उंबऱ्यातूनच म्हणायचा, "थांब आई, जवळ येऊ नकोस. आधी अंघोळ करू दे." सुरुवातीला तिनं ते हसण्यावारी नेलं. मग टोमणे सुरू झाले. "माझ्या हातचं धुतलेलं चालत नाही वाटतं साहेबांना?" कपडे पिळता पिळता तो हसायचा. "तुझे हात पिठातच बरे दिसतात गं." पुढे पुढे तिनं विचारणंच सोडलं. लेक मोठा झाला, त्याला आईचा लळा उरला नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली. त्याच्या पावलांची चाहूल लागली की ती दाराकडे पाठ करून काहीतरी काम काढू लागली. शेवटच्या सकाळी त्यानं निरोप घेतला, तोही तिच्या पाठीचाच.

"त्याचे कामाचे कपडे अजून घरात आहेत का?"

"छे हो," नणंद म्हणाली. "मी स्वतः गाठोडी बांधून नेली. रुमालसुद्धा ठेवला नाही मागे. डोळ्यांसमोर दिसलं की जीव तुटतो माणसाचा."

"मग हे तंतू आले कुठून?"

तिनं बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"भिंतीत बसले असतील," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "असा एखादा कपडा सापडलाच, तर धुवू नका. कितीही धुतला तरी ते तंतू पुरते जात नाहीत. पिशवीत बांधून फेकून द्या. थोड्याच दिवसांत हात पूर्वीसारखे होतील."

वाटेत नणंदेच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. "एवढंसंच निघालं की हो. आणि आम्ही बसलोय मनाचं आहे, मनाचं आहे करत. आता चुना मारून घ्या भिंतींना, आणि त्या नव्या बाईला द्या बाजूला सारून." घराच्या दारापर्यंत ती हसत आली आणि तिथूनच परतली.

आत जाऊन तिनं कडी लावली. दुपारचं ऊन खिडकीतून थेट अंथरुणावर पडलं होतं. तिनं गादीची कड उचलली आणि खालचा सदरा बाहेर काढला. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं निळ्या बादलीत टाकलेला, धुवायचा राहून गेलेला. गाठोडी बांधली जाण्याआधीच तिनं तो उचलून ठेवला होता, आणि तेव्हापासून गालाखाली घेतल्यावाचून तिला झोप लागली नव्हती. कॉलरला अजून त्याच्या मानेचा वास होता. उन्हात धरल्यावर शिवणींतून काहीतरी बारीक, दवासारखं चमकलं.

डॉक्टरांच्या औषधाची रिकामी पिशवी तिच्याजवळ होती. तिनं तिचं तोंड उघडलं. थोडा वेळ तशीच उघडी धरून ठेवली. मग तिची घडी करून बाजूला ठेवली, आणि सदऱ्यात एकेक हात घालून गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या.

थांब, जवळ येऊ नकोस, असं म्हणायला आता घरात कोणी नव्हतं.