सव्वा एकचा आकडा

"पासष्ट," मालुबाई फोनवर म्हणाली.

"कालच्यापेक्षा तीननं जास्त?" तिकडून जर्मनीतला साईराज म्हणाला.

"ऊन कसलं पडलंय इकडं! कुत्रीसुदिक गटारात जाऊन बसल्यात. खिडकीला ओलं गोणपाट लावलंय मी. उतरंल."

"बरं. जेवलीस?"

"जेवलो की, कवाच. तू?"

"इथं आत्ता कुठं सकाळ हाय, आई. उद्या नागेंद्र येईल. जरा बघून जाईल."

"कशाला रं?" तिनं विचारलं, पण तोवर फोन बंद झाला होता.

फोन असाच असायचा. बरोबर सव्वा एकला वाजायचा आणि दोन मिनिटांत आटपायचा. साईराज लहानपणापासूनच कमी बोलणारा. त्याचे वडील महादेव उद्यमबागेत फाउंड्रीत साचे भरायचे, तेही तसेच. बापलेक शेजारी जेवायला बसले, तर मीठ मागायलासुद्धा एकमेकांकडे नुसतं बघायचे. महादेव वारले, पोरगा परदेशी गेला, आणि मच्छे गावातल्या त्या घरात मालुबाईला स्वतःच्या बांगड्यांचाही आवाज मोठा वाटू लागला.

जाताना साईराजनं मागच्या खोलीत आपली मशीन ठेवली होती. लोखंडी मांडणीवर ओळीनं सहा कार्डं, समोर पंखे, खाली तारांचा गुंता. ही कार्डं दिवसरात्र गणितं सोडवतात आणि त्यातून कॉम्प्युटरमधला पैसा निघतो, एवढं तिला समजलं होतं. "हातात धरता येत न्हाय, तो कसला रं पैसा?" असं तिनं विचारलं, तेव्हा तो खूप दिवसांनी मोकळा हसला होता. पहिल्यांदा मशीन सुरू केली त्या दिवशी घरघर ऐकून शेजारची दिपाली धावत आली होती. घरात गिरण घातलासा काय, म्हणाली.

मालुबाईकडे काम एकच. कार्डं तापू द्यायची नाहीत. बाजूच्या छोट्या पडद्यावर तापमानाचा आकडा दिसायचा, तो सत्तरच्या वर जाता कामा नये.

"मला इथनं काय दिसत न्हाय, आई," तो म्हणाला होता. "तूच बघून सांगत जा."

उष्णता तिला नवी नव्हती. बोरगावला माहेरी तंबाखूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ती सांगायची, तापलेला ढीग आज उलटायचा की उद्या. तीच हुशारी तिनं इथं लावली. उन्हाच्या बाजूला गोणपाट, वाऱ्याच्या बाजूला खिडकी उघडी. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलं.

सुरुवातीला तो आठ-पंधरा दिवसांनी आकडा विचारायचा. गेल्या वर्षीच्या चैत्रापासून रोज विचारू लागला. एक दिवस चुकला नाही. मालुबाई बाराला जेवून घ्यायची, फोन उशाशी ठेवायची आणि त्याच खोलीत चटई टाकून आडवी व्हायची. तिथं डोळा छान लागायचा.

आणि आता हा नागेंद्र. साईराजचा वर्गमित्र, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. असला माणूस घरी येतो म्हणजे काय, हे कळायला शाळा शिकायला नको. तो मशीन न्यायला येणार. मशीन गेली की आकडा गेला. आकडा गेला की घड्याळात सव्वा एक नुसताच वाजून जाणार.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मोटरसायकल दारात थांबली.

"मावशी, हायसा का घरात?"

"हाय की. पण आज लोखंड हलवायचं न्हाय. अवस हाय."

"अवस परवाच झाली, मावशी."

"मग मंगळवार हाय."

"बुधवार."

"तू कधीपासनं भटजी झालास रं?"

नागेंद्र हसत आत आला आणि धंद्याच्या सवयीनं मागच्या खोलीकडे वळला. मालुबाई त्याच्या आधी जाऊन दारात आडवी उभी राहिली. पण तो तिच्यापेक्षा वीतभर उंच. त्याला तिच्या डोक्यावरून सगळं दिसलं.

खोलीत कसलाच आवाज नव्हता. पडदा काळा होता. पंख्याच्या दोन पात्यांमध्ये एक कोळी जाळं विणून निवांत बसला होता.

"गेल्या वर्षी चैत्रात जळली," मालुबाई म्हणाली. "आकडा चढला, म्हणून काय करायचं ते त्यानंच सांगितलं. लई घाईत हुता. 'पंखे वाढव' म्हणाला अन् ठेवला फोन. आता दिवा काय आपण विझवतो? वाढवतो. दुकान बंद करतो म्हणतो का? वाढवतो म्हणतो. मला वाटलं, मशीन म्हणजे लक्ष्मी, 'बंद कर' म्हणायला पोराची जीभ वळंना. म्हणून मी वाढवले. सगळे पंखे वाढवले, बटणं बंद केली. तासाभरात करपल्याचा वास सुटला."

"मग रोजचा आकडा?"

"अंगणात जायचं, ऊन बघायचं अन् सांगायचं."

मालुबाईनं त्याचं मनगट धरलं.

"नागू, काय पण कर, साईराजला सांगू नको. मशीन मेली म्हणून कळलं, तर कशाला फोन करंल तो मला?"

"मावशी, त्याला त्याच दिवशी कळलंय. मोबाईलवर दिसतंय त्याला सगळं. पहिल्यापासनं दिसतंय."

मालुबाईनं त्याचं मनगट सोडलं. ती चौकटीला टेकली.

"मग मशीन न्यायला कशाला पाठवलं तुला?"

"मशीन?" नागेंद्रनं खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढून तिच्या हातात ठेवली. "काल फोनवर तुमचा आवाज बसल्यासारखा वाटला म्हणं. 'आई सांगायची न्हाय, तूच बघून ये' म्हणाला."