बाई कशी होती?

दिलरुबाआपा आणि शाहानाआपा बांगलादेशातल्या बारिसालमधून चाळीस वर्षं एकमेकींविरुद्ध निवडणूक लढल्या. भोंग्यावरून एकमेकींना चोर म्हणायच्या. निकालानंतर हरलेली जिंकलेलीला आपल्या पानदानातला विडा खिलवायची. दिलरुबाआपा गेल्या तेव्हा सरकार शाहानाआपांच्या पक्षाचं होतं. जनाज्याला गर्दी झाली, पण कडेला पोलीस होते. रिवाजाप्रमाणे इमामांनी विचारलं, “बाई कशी होती?” “चांगली” एवढंच म्हणायचं असतं. पण पोलिसांकडे बघून सगळ्यांना एकदम खोकला आला. इमामांनी पुन्हा विचारलं. तेवढ्यात मैदानालगतच्या घरातून, बायका बसल्या होत्या त्या खिडकीतून, शाहानाआपांचा बसका आवाज आला, “चांगली होती! मेल्यांनो, मी सांगतेय, म्हणा!” पोलिसांनीच आधी म्हटलं, मग मैदान गरजलं. शेजारी बसलेली दिलरुबाआपांची सून पुटपुटली, “खाला, अम्मांना जन्मभर चोर म्हणालात!” “ते मतांसाठी गं.” शाहानाआपांनी सवयीनं पानदान उघडलं, विडा लावला, आणि द्यायला कुणीच नाही म्हणून तसाच हातात धरून बसल्या.