सकाळचा चुडा

चुडा सकाळी आठला भरायचा, असं भटजींनी पंचांग बघून सांगितलं. पंचांगात द्वारकाच्या बोटांची नोंद नव्हती. दुपार झाल्याशिवाय तिची मूठ मिटत नसे. हे तिला आणि तिच्या आईलाच ठाऊक. सोयरीक मोडायला तेवढं पुरेसं होतं, म्हणून आईनं गळ्याची शपथ घातलेली.

करमाडला द्वारकाच्या घराच्या ओसरीवर मनियारीण फहमिदा बांगड्यांची टोपली उघडून बसली. पहिला मान होणाऱ्या सासूचा. आवडाबाईंनी हात पुढं केला. बोटांच्या टोकाची पेरं गाठाळलेली, दगडासारखी टणक.

"दाबू नको गं. हाडं झिजलीत."

"झिजणारच. जातं कमी वढलं का या हातानं?" फहमिदा म्हणाली. "सकाळी आखडतेत?"

"चहाची कपबशी रिकामी होईस्तोवर. मग कामाला लागलं की संध्याकाळी ठणका." सोन्याचा डागिना दाखवावा तसं आवडाबाईंनी सांगितलं. "आखडलेली सासू चालती बाई. सून नाय चालायची."

बाया हसल्या. द्वारकाही हसली, आईनं कोपरानं ढोसलं म्हणून.

मग द्वारकाचा हात. फहमिदानं तो दाबला आणि थांबली. इथं बोटांची मुळं सुजलेली, भिजवलेल्या कणकेसारखी मऊ आणि गरम. तिनं दुसरा हात ओढला. तोही तसाच.

द्वारकानं हात मागं घ्यायला बघितलं.

"का गं थांबलीस?" आवडाबाई पुढं सरकल्या.

"माप चुकलं माझं. लहान आणल्या," तीस वर्षांत एकदाही माप न चुकलेली फहमिदा म्हणाली. तिनं मोठ्या मापाच्या काढल्या, साबण लावून चढवल्या आणि मान खाली घालूनच पुटपुटली, "बेटा, ही झीज नाय. आग हाय आतली. बोटं वाकडी व्हायच्या आत औरंगाबादला डॉक्टरला दाखव. माझ्या लेकीच्या, अजराच्या वेळी म्या उशीर केला."

दुपारी पंगत बसली. बोटांची सूज उतरली, मूठ मिटू लागली. रोज या वेळी द्वारकाला हायसं वाटे.

आज बांगड्या सैल झाल्या. पहिली अंगठ्याच्या हाडापर्यंत घसरली, तशी द्वारकानं हात वर उचलला. अक्षता पडण्याआधी नवरीच्या हातातून चुडा गळाला तर कसला अपशकुन मानतात, हे पंगतीतल्या प्रत्येकीला पाठ होतं. तिनं दुसराही उचलला.

शेजारच्या पानावरून आवडाबाई मायेनं म्हणाल्या, "हात खाली घे की पोरी. पोळी गार व्हायली."